जोडून सुट्टी, डोंगरातलं गाव आणि सोबत आई-बाबा : तीन रात्रींचा बेत कसा आखावा?

पाऊलवाट

शुक्रवार ते सोमवार अशी जोडून सुट्टी आली आहे. जाणार आम्ही पाच जण: मी, नवरा, सहा वर्षांची लेक, आणि माझे आई-बाबा. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाबांचे गुडघे दुखरे आहेत आणि लेकीला घाटात हमखास गाडी लागते.

दोन गावं डोक्यात आहेत. एक साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे, दुसरं २,६०० मीटरवर. दुसऱ्या गावातून बर्फाची शिखरं अगदी समोर दिसतात, त्यामुळे नवऱ्याचा जीव तिथे अडकलाय.

मागच्या खेपेला आम्ही तीन दिवसांत अकरा ठिकाणं बसवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. "तुम्ही या बघून, मी बसतो," म्हणाले. आम्ही परत आलो तेव्हा ते काचेला डोकं टेकून बसले होते, टोपी मांडीवर. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. या वेळी बाबांवर गाडीत बसून राहायची वेळ येऊ नये, एवढंच मला साधायचंय. कसं करू?

सडाफटिंग

२,६०० ला जा. एवढा प्रवास करून शिखरं दिसणार नसतील तर काय उपयोग? ऋतू बरोबर निवडला आणि पहाटे उठायची तयारी असली की झालं. वयस्कर माणसंही छान फिरतात, आपणच त्यांना फार जपतो.

घाटमाथा

ठिकाणाचं नंतर बघू. आधी निघण्याची वेळ ठरवा, कारण जोडून सुट्टीत निम्मा त्रास रस्त्यावरच होतो. डोंगरातल्या गावात शिरायला बहुतेक वेळा एकच रस्ता असतो. सगळे शुक्रवारी संध्याकाळी निघतात आणि सगळेच सोमवारी दुपारी परततात. त्या दोन वेळा टाळल्या की वाट निम्मी सोपी होते.

एक दिवस रजा टाकता येत असेल तर ती सुट्टीच्या आधी न टाकता नंतर टाका. सोमवारी सगळे उतरत असतात तेव्हा तुम्ही वरच थांबायचं आणि मंगळवारी सकाळी मोकळ्या रस्त्याने खाली यायचं. सोमवारी दुपारनंतर ते गाव कसं रिकामं होतं ते एकदा बघाच. बाकांवर जागा मिळते, रस्त्याच्या मधून चालता येतं.

आणि घाट दिवसाउजेडी चढा. अंधारात आणि धुक्यात चालवणाऱ्याचा सगळा जीव रस्त्यावर, मागे कुणाला मळमळतंय का याकडे लक्षच जात नाही.

दवबिंदू

मी डॉक्टर आहे. इथे सर्वसाधारण माहिती देते. आईंना मात्र निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा.

या दोन गावांत फरक आहे तो झोपण्याच्या उंचीचा. हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे सारखंच, २१ टक्के. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. १,५०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८३ टक्के असतो, २,६०० मीटरवर पाऊणपेक्षाही थोडा कमी. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर झोपलं की दिसू लागतो. काहींना त्याखालीही होतो. तो पोचल्या पोचल्या होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणजे संध्याकाळी सगळे खुशीत असतात आणि रात्री दोन वाजता कुणीतरी डोकं धरून उठून बसतं. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, झोप न लागणं ही त्याची लक्षणं.

बऱ्याच जणांना हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो, कारण शरीर जुळवून घेतं. पण तुमच्याकडे आहेतच तीन रात्री. शरीर जुळेपर्यंत परतायची वेळ होणार. आठ दिवस असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

रक्तदाबही उंचीवर सुरुवातीला थोडा वाढू शकतो. आईंच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नकोत, आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या. दरड कोसळून रस्ता बंद होणं डोंगरात नवं नाही.

एक महत्त्वाचं. कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोक जाऊ लागला, किंवा स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली आणा आणि दवाखाना गाठा. खाली उतरणं हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे.

पाऊलवाट

दवबिंदू, फार मोलाची माहिती. "पोचल्या पोचल्या होत नाही" हे मला माहीतच नव्हतं. डोंगरातलं गाव म्हणजे सगळीकडे तीच हवा असं मी धरून चालले होते.

दवबिंदू

फरक फार मोठा असतो. न्यूझीलंडचं क्वीन्सटाउन डोंगरांनी वेढलेलं आहे, पण ते आहे ३१० मीटरच्या आसपास. फ्रान्सचं शामोनी युरोपातल्या उंच शिखरांच्या पायथ्याशी आहे, तरी गाव हजार मीटरच्या थोडं वर. अमेरिकेतलं ब्रेकेनरिज मात्र २,९०० मीटरच्या वर आणि आपलं लेह साधारण ३,५०० वर. फोटोत सगळीकडे बर्फ आणि डोंगरच दिसतात. म्हणून बुकिंगआधी गावाची उंची मीटरमध्ये शोधायची, आणि हॉटेल गावाच्या वरच्या अंगाला असेल तर त्याचीही.

निळाई

गाडी लागणाऱ्या मुलांची आई म्हणून लिहिते, माझी दोन्ही त्यातलीच. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये असले तर ते सांगतात की आपण स्थिर आहोत. या ओढाताणीत पोट ढवळतं. म्हणून घाट सुरू होण्याआधी मोबाइल, चित्रांची पुस्तकं सगळं आत. लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवणं धोक्याचं, तेव्हा मागच्या सीटवर मध्ये, जिथून पुढचा रस्ता दिसेल तिथे बसवा. पट्टा मात्र नीट लागला पाहिजे. पोट रिकामं नको आणि टम्मही नको. काच थोडी उघडी ठेवा. औषध देणार असाल तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेलं औषध उलटीबरोबरच बाहेर येतं.

आमच्या घरात एक खेळ चालतो. "पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे?" मुलगी रस्त्याकडे टक लावून बसते, आणि डोळ्यांनी वळण आधी पाहिलं की पोटही कमी ढवळतं. या खेळानं आमचे तीन घाट पार पडले आहेत.

कानाला दडे बसतात त्याचंही सांगते. गिळलं की ते सुटतात, म्हणून मुलांना घोट घोट पाणी देत राहा. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर उतरताना कान जास्त दुखतात. ठणका लागण्याची वाट न बघता आधीच थांबत थांबत या.

आरामखुर्ची

पाऊलवाट ताई, मी तुमच्या बाबांच्या वयाचा आहे आणि दोन्ही गुडघे त्यांच्यासारखेच. "तुम्ही या बघून" हे वाक्य मीही बोललो आहे. ते आम्ही रुसून बोलत नाही. आपल्यामुळे पोराबाळांचा खोळंबा होतो, ते नको वाटतं म्हणून बोलतो.

खोली ठरवण्याआधी हॉटेलला फोन करा आणि एकच प्रश्न आधी विचारा: गाडी उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? "थोड्याच आहेत" हे उत्तर धरायचं नाही, आकडा मागायचा. उतारावरच्या इमारतीत तळमजला रस्त्याच्या पातळीला असतोच असं नाही. पुष्कळदा रस्ता वरच्या मजल्याला लागतो आणि तळमजला तीन जिने खाली असतो. मी एकदा अशा खोलीत राहिलो. दरी फार सुंदर दिसायची, पण दिवसातून एकदाच वर यायचो, कारण दुसऱ्यांदा उतरायची ताकद नसायची. खोली आरक्षित करताना त्यांनी सांगितलं होतं, गाडी दारात येते. गाडी दारात येत होती, पण वरच्या मजल्याच्या.

मग उन्हाचं विचारा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन जास्त वेळ मिळतं. अरुंद दरीतल्या गावात सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि लगेच गारठा पडतो. सकाळचं ऊन येणारा सज्जा मिळाला तर आमच्यासारख्यांचा अर्धा दिवस तिथेच आनंदात जातो. खोली रात्रभर उबदार राहते की काही तासच, गरम पाणी किती वाजेपर्यंत, रात्री उठलं तर न्हाणीघरापर्यंत दिवा आहे का, हेही विचारून घ्या. उबवलेल्या खोलीतली हवा कोरडी होते, घसा सुकतो. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून झोपलं की बरं वाटतं.

आता चालण्याचं. सगळे म्हणतात चढ अवघड. दुखऱ्या गुडघ्यांना उतार जास्त अवघड असतो, कारण प्रत्येक पावलाला सगळा भार गुडघ्यावर येतो. रोपवे किंवा डोंगरातली रेल्वे असेल तर लोक वर त्यानं जातात आणि पायी उतरतात. तुम्ही बाबांना उलटं करायला सांगा. सोपा चढ असेल तर हळूहळू पायी वर, आणि खाली मात्र बसून. हातात काठी असू द्या, दोन असल्या तर आणखी चांगलं. पहिल्याच दिवशी मोठा उतार पायी उतरलात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि उरलेली सुट्टी जिन्याचा कठडा धरण्यात जाते. तरुणांचीही हीच गत.

सडाफटिंग

आरामखुर्ची काका, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत मी मागे घेतो. तीन रात्रींसाठी १,५०० च योग्य. माझे प्रवास आठ-दहा दिवसांचे असतात, तो हिशेब मी इथे लावत होतो.

पण शिखरं अजिबात सोडू नका हे मात्र पुन्हा म्हणेन. झोपायचं खाली आणि दिवसा वर जाऊन यायचं. स्वित्झर्लंडचं झेरमाट बघा. गाव १,६०० मीटरच्या आसपास, आणि तिथून दातेरी रुळांची रेल्वे गोर्नरग्राटला ३,००० मीटरच्या वर नेते. लोक वर दोन तास घालवतात आणि झोपायला गावात येतात.

वर जायचं ते सकाळीच. उन्हानं उतार तापले की हवा वर चढते आणि दुपारपर्यंत ढग जमतात, उन्हाळ्यात गडगडाटही होतो. म्हणून जेवणाआधी उंचावर आणि जेवणानंतर गावात, हे माझं ठरलेलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. जोराचा वारा किंवा वीज असली की रोपवे बंद ठेवतात. त्यामुळे तो बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठेवा, बिनसलं तर तिसरा हाताशी राहतो.

पाऊलवाट

ठरलं, १,५०० वालं गाव. नवराही तयार झाला, कारण तिथूनही एक रोपवे आहे, वरचं स्थानक २,३०० मीटरवर. आई-बाबांना तिथे नेलं तर चालेल ना?

दवबिंदू

डॉक्टरांनी होकार दिला असेल तर तास-दोन तासांसाठी २,३०० हे बहुतेकांना झेपतं. वर घाई करू नका, पायऱ्या भराभर चढू नका, बसायला जागा शोधा. सरसकट सगळ्या रोपवेंना मात्र हा हिशेब लावू नका. शामोनीचाच रोपवे सुमारे वीस मिनिटांत हजार मीटरवरून ३,८०० च्या आसपास नेतो. तिथे धडधाकट माणसालाही गरगरतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी असा बेत स्वतःच्या मनानं करू नये.

उन्हाची टोपी आणि गडद चष्मा सगळ्यांना, लेकीलासुद्धा. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हवा गार असल्यानं चटका जाणवत नाही, रात्री गाल हुळहुळले की कळतं.

घाटमाथा

परतीचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर किंवा मॅन्युअल मोड टाका. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि मग पकडत नाहीत. जळका वास आला की सुरक्षित जागी थांबा आणि पूर्ण निवू द्या. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं कुणी करू नका.

गाडी विजेवरची असेल तर आणखी एक. हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरू नका. उतारावर ही गाडी बॅटरीत वीज परत भरत स्वतःला आवरते, पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. थोडी जागा ठेवूनच निघा.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सुट्टीच्या गर्दीत विसरलं जातं.

निळाई

कपड्यांबद्दल दोन ओळी. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरतं, म्हणजे तुमच्या रोपवेच्या वरच्या टोकाला गावापेक्षा साधारण पाच अंश कमी. वारा वेगळाच. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. मुलांचे मोजे मोजू नका, भरपूर कोंबा.

पाऊलवाट

परत आलो! मंगळवारी सकाळी उतरलो, रस्ता मोकळा होता. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सविस्तर सांगते.

तीन हॉटेलांना फोन केले. दोघांनी "थोड्याच पायऱ्या" म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी फोनवरच्या मुलीनं "थांबा हं" म्हणून फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी स्वतः मोजून कळवलं, नऊ पायऱ्या, एका बाजूला कठडा. तिथेच खोली घेतली. दरी दिसत नव्हती, पण सकाळचं ऊन सज्ज्यात यायचं.

घाटात लेकीनं वळणांचा खेळ लावून धरला. एकदा थांबावं लागलं, पण उलटी नाही. वर पोचल्यावर तिनं मागच्या पिशवीतलं बिस्किटांचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. "आजोबा, हे कुणी फुगवलं?" मग बाबांनी तिला हवेच्या दाबाचं सगळं समजावलं. येताना तिनं रिकामी बाटली वरच झाकण घट्ट लावून घेतली, आणि घाट उतरल्यावर ती चपटलेली बघून गाडीत ओरडली. बाबांनी घरी येईपर्यंत ती बाटली हातातच धरली होती.

पहिला दिवस पूर्ण रिकामा ठेवला. नवरा जरा अस्वस्थ होता, संध्याकाळी तोच सज्ज्यात झोपून गेला. दुसऱ्या दिवशी रोपवे वाऱ्यामुळे बंद. सडाफटिंग, तुमच्या सल्ल्यामुळे तिसरा दिवस हाताशी होता! रविवारी सकाळी पहिल्या फेरीत गेलो. वरच्या स्थानकापासून एक रुंद पायवाट हळूहळू चढत एका पठारावर जाते. मी बाबांना म्हटलं, आपण इथेच बसू. ते म्हणाले, "चढच आहे ना? मग जमेल." दोन्ही हातांत काठ्या घेऊन निघाले. दर पन्नास पावलांवर थांबायचे, शिखरांकडे बघायचे, पुन्हा निघायचे. वीस मिनिटांची वाट आम्हाला तासभर पुरली. वर एक लाकडी बाक होता. आई आणि लेक तिथे आधीच पोचून शिखरं मोजत होत्या, आई सात म्हणत होती आणि लेक नऊ.

बाबा बाकावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही जा हवं तर खाली. मी बसतो थोडा वेळ."

आम्ही कुणीच हललो नाही.

आरामखुर्ची

पाऊलवाट ताई, परतताना ती पायवाट उतरणीची झाली असेल ना? बाबांना जमली का?

पाऊलवाट

काका, जमली. उतार अगदी हलका होता, आणि एका बाजूनं मी, एका बाजूनं नवरा. काठ्या लेकीनं घेतल्या होत्या. सोमवारी गुडघे थोडे धरले होते, पण त्या दिवशी तसंही कुठे जायचं नव्हतं. गाव रिकामं झालं होतं, घाटमाथा म्हणाले होते तसंच. बाजारच्या रस्त्यानं आई-बाबा दोघंच एक फेरी मारून आले.